सापडलेला फॉल्ट

नगरपरिषदेच्या कॉरिडॉरमधल्या त्या बाकावर बसून बसून माझं आयुष्य चाललंय, असं मी म्हटलं की आमच्या समितीतले कंडक्टर हसतात. हसू देत. त्यांनी बसमध्ये उभं राहून जन्म काढला, आता रिटायर झाल्यावर कुठेही बसायला मिळालं तरी त्यांना बरंच वाटतं. मला मात्र त्या बाकाची पट्टीन् पट्टी ठाऊक झालीय. एक ढिली आहे, तिच्यात कपडा अडकतो. दर वर्षी अंदाजपत्रकाची वेळ आली की आम्ही तिथे जाऊन बसतो. दर वर्षी कुणीतरी नवा साहेब विचारतो, "हे प्रशिक्षण केंद्र म्हणजे नेमकं काय?" आणि दर वर्षी मी पहिल्यापासून सांगायला लागते. कंडक्टरांना सांगू दिलं तर ते तिकीट फाडल्यासारखं तुटक बोलतात आणि साहेबाला वाटतं, आम्ही भांडायलाच आलोय.

तर केंद्र म्हणजे बाजाराच्या मागच्या गोदामावर दोन खोल्या. एकीत शिलाई शिकवतात, दुसरीत वायरिंग. फी नाही, खर्च सगळा नगरपरिषदेचा. शिलाईच्या खोलीत मी शिकले. गेले तेव्हा सुईत दोरा ओवायचा म्हणजे घाम फुटायचा, आणि आता आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या पँटी माझ्या मशीनखालून जातात. म्हणून केंद्र बंद करायची भाषा पहिल्यांदा निघाली तेव्हा मी सभेत उभी राहून तोंड सोडलं. जो जास्त ओरडतो त्यालाच लोक चिटणीस करतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? समिती झाली, मी चिटणीस झाले, आणि तेव्हापासून हा डोक्याला ताप आहे तो आहेच.

यंदा मात्र माझ्याच घरचं माणूस त्यात अडकलं होतं.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला. त्याच्याविषयी मी एवढंच बोलते, पुढे बोलले की माझंच तोंड खराब होतं. घर आमच्या आईवडिलांचं, भाऊ माझा, आणि राहिलो कोण, तर आम्ही दोघी नणंद-भावजय. ती एका दुकानात पुडे बांधायची. ते दुकान बुडालं. मी म्हटलं, शिलाई शीक, मी आहे ना. तर म्हणाली, "नको ताई. घरातही तुम्ही आणि कामावरही तुम्ही? मी वेडी होईन."

राग आला मला. पण खोटं काही बोलली नव्हती.

ती गेली वायरिंगच्या खोलीत. तिथे शिकवणारे मास्तर म्हणजे जुने वायरमन. हात अजून तरुण, पण गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. शिडीवर चढता येत नाही म्हणून ते खाली उभे राहून शिकवतात. त्यांच्या वर्गात फळ्याच्या वर एकच वाक्य रंगवलंय: सापडलेला फॉल्ट टाकून शिडी उतरायची नाही. धाकटी हे वाक्य घरी येऊन भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना पुटपुटायची. चहा गाळता गाळता मी मध्येच पातेलं खाली ठेवलं तरी म्हणायची, "ताई, शिडी उतरलात."

महिन्यावर तिची परीक्षा आली होती. नव्या दवाखान्याच्या इमारतीचं काम घेतलेल्या ठेकेदाराने तिला सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट घेऊन ये आणि दुसऱ्या दिवसापासून लाग. सर्टिफिकेट नसेल तर फाटकाच्या आत पाऊल टाकू देणार नाही, मग तू कितीही हुशार अस. तो तरी काय करणार, त्याचे नियम त्याला. धाकटीने कामावर घालायचे बूटसुद्धा आणले होते. ते दारामागे खोक्यात होते आणि ती रोज खोकं उघडून बघायची. मला दिसायचं.

आणि नेमकं तेव्हाच नगरपरिषदेच्या सभेपुढे विषय आला: काटकसर म्हणून केंद्राचा निधी या महिनाअखेर बंद करावा. केंद्रच नाही तर परीक्षा घेणार कोण?

पुन्हा सह्या. पुन्हा दुकानोदुकानी खेटे. औषधांच्या दुकानदाराने न वाचता सही केली, वाचून केली असती तर मला जास्त आवडलं असतं. एक गृहस्थ म्हणाले, "सही करतो, पण माझं नाव त्यात येऊ देऊ नका." कंडक्टर बस स्टॉपवर उभे राहून "चला, पुढे सरका, सही करा" असं ओरडत होते आणि लोक खरंच पुढे सरकून सही करत होते. त्यांच्या अशा गमती बघून एरवी मला हसू यायचं. यंदा नाही आलं. पाय दुखत होते, आणि रात्री जेवताना धाकटी विचारायची, "होईल ना ताई?" मी म्हणायची, "बघू." दुसरं काय म्हणणार?

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या स्विचचं सांगायलाच हवं. तो हाताने दाबला तर झटका देतो. म्हणून आम्ही तो लाकडी उलथन्याच्या दांडीने दाबतो. उलथनं खिळ्याला टांगलेलंच असतं, त्याने आम्ही दुसरं काही उलथत नाही. वायरिंगच्या वर्गात जायला लागल्यापासून धाकटी माझ्या मागे लागली होती, "ताई, मी उघडू का तो बोर्ड?" आणि मी दर वेळी म्हणायची, "आधी सर्टिफिकेट आण, मग हात लाव. शिकाऊ माणसाने माझं घर पेटवलेलं मला चालणार नाही." ती उलथनं उचलून दिवा लावायची.

सभा दुपारी होती. आम्ही चौघं गेलो. मी, कंडक्टर, मास्तर आणि धाकटी. सभागृह इमारतीच्या पोटात आहे, एकही खिडकी नाही, सगळा कारभार दिव्यांवर आणि थंड हवेच्या मशीनवर. आमचा विषय अर्थातच शेवटचा. आधी गटारं झाली, मग एका चौकाला नाव कुणाचं द्यायचं त्यावर भांडण झालं. ते इतकं रंगलं की दोन सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले. मास्तर डुलक्या घेत होते. मी माझं तीन मिनिटांचं भाषण मनात घोळवत होते, आणि ते मलाच आता शिळं वाटत होतं. तेच शब्द, तेच आकडे. ऐकणारे बदलतात, पण मी तीच.

एकदाचा आमचा विषय पुकारला. मी उठून माइकपाशी गेले, घसा साफ केला, आणि लाईट गेली.

नुसती गेली नाही, आत कुठेतरी फट्‌ असा आवाज होऊन गेली. माइक मेला, थंड हवेचं मशीन घरघरून बंद पडलं. अंधारात अध्यक्षसाहेबांचा आवाज आला, "अरे, बघा कुणीतरी!" बघणार कोण? इमारतीचा इलेक्ट्रिशियन रिटायर झाल्यावर त्याची जागा भरलीच नव्हती. तीही काटकसरच. बाहेरच्या माणसाला फोन लावला तर तो दुसऱ्या गावाला. शेवटी शिपाई टॉर्च घेऊन आमच्याकडे आला. "तुमच्यात कुणी लाईटचं काम करणारं आहे का?"

मास्तरांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीने माझ्याकडे. आणि मीच म्हटलं, "जा ना, बघतेस काय! दिसू दे जरा यांना." मला काय, फुशारकी सुचली. ती कुर्त्याच्या खिशातला टेस्टर चाचपत उठली, आणि मास्तर गुडघे धरत तिच्या मागे गेले.

मी अंधारात माझ्या खुर्चीवर येऊन बसले. एवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. हेडक्लार्क बाई होत्या. इतक्या वर्षांत माझे अर्ज घेऊन घेऊन त्यांना माझी थोडी दया यायला लागलीय. कानाशी लागून म्हणाल्या, "नशीब काढलंत. दिवे आले नाहीत तर अध्यक्ष सभा तहकूब करणार, आत्ताच म्हणाले मला. पुढची सभा सुट्टीनंतर. तोवर जुना निधी चालू राहतो, तसा नियमच आहे. तुमची परीक्षा होऊन जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. न बोलता, न भांडता, एका जळक्या वायरीने आमचं काम करून टाकलं होतं! आणि मग आठवलं, आपणच तिला पाठवलंय.

उठले ती धडपडतच. कुणाच्या तरी पायावर पाय दिला, शिव्या खाल्ल्या. मंचामागच्या बोळात शिरायचं दार मला सापडेना. हाताने भिंत चाचपत मी चालले होते, तोंडाने "धाकटे, अगं धाकटे" असं दबक्या आवाजात चाललं होतं. दाराची कडी हाताला लागली आणि त्याच क्षणी दिवे आले.

सगळे एकदम आले. सभागृहात टाळ्या झाल्या. दार आतून उघडलं आणि धाकटी बाहेर आली. केसांत जळमट, गालाला काळं, हातात पक्कड. तिचा चेहरा मी ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून बघतेय. असा कधी बघितला नव्हता. मी तिच्या केसांतलं जळमट काढलं आणि तिला खुर्चीवर आणून बसवलं.

अध्यक्षसाहेब खूश झाले. म्हणाले, "असे कुशल हात ही आपल्या गावाची संपत्ती आहे. या ताईंचे आभार इतिवृत्तात नोंदवून घ्या." हेडक्लार्क बाईंनी खाली मान घालून ते लिहून घेतलं. मग मला माझी तीन मिनिटं मिळाली. मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. धाकटीकडे बोट दाखवून म्हटलं, ही तिथेच शिकली, एवढं आठवतं. एक सभासद मान डोलवत होते, मला वाटलं ऐकतायत, तर कानात फोनची वायर होती. मग हात वर झाले. विरोधात दोन-चार, बाजूने बाकी सगळे. केंद्राचा निधी महिनाअखेर बंद. सभा संपली. थंड हवा छान सुटली होती.

बाहेर पायरीवर कंडक्टरांनी जे तोंड सोडलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मास्तर कठड्याला टेकून उभे होते. त्यांची तर नोकरीच गेली होती. ते एवढंच म्हणाले, "उद्या वर्ग आहे. महिनाअखेरपर्यंत आहे. वेळेवर या." आणि एक एक पायरी मोजून उतरल्यासारखे हळूहळू निघून गेले. कंडक्टर म्हणाले, "ताई, उद्यापासून परत सह्या?" मी म्हटलं, "कंडक्टर, आज मला काही विचारू नका."

आम्ही दोघी चालत घरी निघालो. दुकानांचे दिवे लागत होते. मी ठरवलं होतं, तिला सांगायचं नाही. कशाला सांगायचं? तिचा एवढा एक आनंद तरी राहू दे. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापर्यंत कसंबसं तोंड आवरलं, आणि मग सुटलंच.

"तुला कळतंय का काय झालं ते? दिवे आले नसते तर सभा तहकूब होणार होती! पुढची सुट्टीनंतर. तुझी परीक्षा झाली असती, सर्टिफिकेट हातात आलं असतं!"

ती चालायची थांबली नाही. म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शिडी धरली होती ना, त्या शिपायाने सांगितलं. मी वर होते. मेन बंद केलेला, फॉल्ट सापडलेला. जोडावरच वायर जळून तुटली होती. तो खालून म्हणाला, बाई, सावकाश चालू द्या, आज सभा गेली तर तुमचंच भलं आहे, थेट सुट्टीनंतर होईल."

"आणि मास्तर?"

"टॉर्च धरून खालीच होते. त्यांनीही ऐकलं. मी विचारलं, मास्तर, काय करू? ते म्हणाले, फॉल्ट तुला सापडलाय. बाकी काही बोलले नाहीत."

मला इतका संताप आला की मी रस्त्यातच उभी राहिले. हातातोंडाशी आलेला घास! आम्ही उन्हातान्हात चपला झिजवायच्या, लोकांच्या हातापाया पडायचं, आणि हिने सगळं जाणूनबुजून स्वतःच्या हाताने घालवायचं? "अगं, नुसतं म्हणायचं होतंस, मला जमत नाही! कुणाला कळणार होतं? सांगून उतरायचं होतंस खाली!"

"तेच म्हणणार होते," ती म्हणाली. "तोंडाशी आलं होतं. पण जमत होतं ना, ताई. जळकं टोक कापायचं, नवीन सोलायचं, घट्ट करायचं. एवढंच होतं. जमतंय ते जमत नाही म्हणून शिडी उतरले असते, तर ते सर्टिफिकेट घेऊन मी काय म्हणून कामावर गेले असते?"

मग तिचा आवाज चिरकला. "पण आता वाटतंय, मूर्खपणाच केला. ठेकेदाराला काय सांगू? ते बूट कुणाला देऊ? मूर्ख आहे ना मी?"

"आहेस," मी म्हटलं.

घर येईपर्यंत ती रडत होती आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. दोन्ही केलं नाही. थकले होते मी. दर वर्षीच्या त्या बाकाने, त्या सह्यांनी, "बघू" म्हणण्याने थकले होते. उद्या कंडक्टर दारात येणार, परवा पुन्हा तो कॉरिडॉर, मग एखादा नवा साहेब, मग "हे केंद्र म्हणजे नेमकं काय?" आणि मी जाणार. जाणारच, दुसरं करणार काय? फक्त तिच्या परीक्षेच्या आत त्यातलं काही होणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

घरात शिरलो तर अंधार. मी बाहेरच्या खोलीतला दिवा लावला. धाकटी बूट ठेवलेल्या खोक्याकडे न बघता आत गेली. सवयीने खिळ्यावरचं उलथनं काढलं आणि स्विचकडे हात नेला. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"काय झालं?" ती म्हणाली.

मी मोरीजवळचं स्टूल आणलं, बोर्डाखाली ठेवलं, हलतंय का ते बघितलं. कपाटातून टॉर्च काढली. मग दाराजवळ जाऊन मेन बंद केला. बाहेरच्या खोलीतला दिवाही गेला.

"चढ," मी म्हटलं.

ती तशीच उभी. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. "ताई, सर्टिफिकेट नाही आलंय. आणि आता येणार पण नाही."

"मला विचारतेयस का सांगतेयस? चढ. मी धरलंय."

ती चढली. आधी टेस्टर लावून बघितलं, मी मेन बंद केलेला असूनसुद्धा. तशी ती माझ्यावर विश्वास ठेवणारी नाहीच. मग बोर्डाचे स्क्रू एक एक काढून माझ्या तळहातावर ठेवायला लागली. मी एका हाताने स्टूल धरलं होतं, दुसऱ्या हातात स्क्रू, आणि टॉर्च बगलेत दाबलेली. आतून जळल्याचा जुना वास आला. ती बराच वेळ आत बघत राहिली.

"सापडला," ती म्हणाली. "पण ताई, वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हटलं, आणि टॉर्च नीट वर धरली.